अकराच्या सुमाराला

त्या सकाळी मी एका निवृत्त मास्तरांच्या कवळीत दोन्ही सुळे डाव्या बाजूचे बसवले. सुळ्याला डावं-उजवं असतं हे बाहेर कुणाला सांगितलं तर हसतात, पण असतं. हातमोजा उलट्या हातात घालून बघा म्हणजे कळेल. सव्वीस वर्षं मी हेच करत आले आहे. मेणाच्या हिरडीवर एकेक दात उभा करायचा, गरम सुरीने त्याचं बूड बसवायचं, हात लांब करून बघायचं, परत जरासा वाकवायचा. कुठल्या शाळेत हे शिकले नाही. दातांच्या या लॅबमध्ये फरशी पुसायला म्हणून लागले होते, पुसता पुसता बघत राहिले, आणि एक दिवस दात बसवणारी बाई लग्न करून गेली तेव्हा मालकांना म्हटलं, मी बघू का करून? एवढ्या वर्षांत हातून कमी-जास्त झालं असेल, पण डावं-उजवं कधी झालं नव्हतं. आणि वाईट म्हणजे ते माझ्या लक्षातही आलं नाही. पलीकडच्या मोरीपाशी साचे ओतणारे प्लास्टरवाले काका भट्टीकडे जाता जाता माझ्या टेबलापाशी थांबले, त्यांनी ती कवळी दोन बोटांत उचलली, उजेडाकडे धरली आणि विचारलं, "बाई, हे गृहस्थ कुणाला डोळा मारतायत का?" मी बघितलं. हसू एका बाजूला ओघळलेलं होतं, मास्तरांनी वर्गात कुणाची तरी लबाडी पकडावी तसं. मी हसायला हवं होतं. त्याऐवजी मी काकांवर अशी काही ओरडले की पॉलिशचं चाक फिरवणारी मुलगी चाक बंद करून बघायला लागली. काय बोलले ते धड आठवत नाही. 'माझ्या टेबलाला हात लावायचा नाही' असं काहीतरी. वाक्यं माझी नव्हती एवढं मात्र तेव्हाच जाणवलं. कुणीतरी माझ्या तोंडात आपली कवळी बसवावी आणि ती परकी बडबडत सुटावी, तसं ते होतं. घड्याळात सव्वाअकरा झाले होते. माझे हात मांडीवर होते आणि एकमेकांना धरून बसले होते.

'ते' दोन वर्षांपासून होत होतं. मी त्याला 'ते'च म्हणायची, कारण नाव देणारा कुणी भेटला नव्हता. आधी कानाच्या पाळ्या गार पडायच्या. मग वरच्या ओठावर घाम, आवाज पाण्याखालून आल्यासारखे, बोटांत बारीक थरथर, माझ्या कामात चालणार नाही एवढीच. भाजी चिरणाऱ्या बाईला ती कळलीही नसती. आणि सगळ्यात शेवटी एक दुःख यायचं. त्याला कारण नसायचं, पत्ता नसायचा, चुकून आपल्या दारात टाकलेलं टपाल असावं तसं ते दुःख यायचं आणि मी ते घेऊन बसायची. अर्ध्या-पाऊण तासात सगळं ओसरायचं, काही खाल्लं तर लवकर. मग दिवसभर अंग धुवून वाळत घातल्यासारखं. डॉक्टर मी चार केले. एकाने रक्त बघितलं, एकाने कान बघितले, एकाने गळा दाबून बघितला. सगळ्यांना शेवटी माझं वय सापडलं. वय हा फार सोयीचा आजार आहे. शोधायला काही लागत नाही, बाई स्वतःच घेऊन येते. "या वयात होतं असं," ते म्हणायचे, आणि मी घरी येऊन नवऱ्याला सांगायची, "मला बावन्न वर्षं झाली आहेत असं निदान झालंय." नवरा पाणी-मीटर वाचायचं काम करतो, आकड्यांवर त्याचा फार विश्वास. तो कागद हातात घेऊन म्हणायचा, "पण सगळे आकडे बरोबर आहेत गं. साखर बघ, अगदी नमुन्याची." साखर उपाशीपोटी बघितलेली होती. उपाशीपोटी माझं कधीच काही बिघडत नसे. बिघडायचं ते खाल्ल्यानंतर तीन तासांनी, आणि तेवढा वेळ कुठला डॉक्टर थांबतो? पण त्या दोन डाव्या सुळ्यांनंतर मालकांनी मला आत बोलावलं, खुर्ची दिली, म्हणजे मी समजायचं ते समजले, आणि म्हणाले, "बाई, तुमचा हात म्हणजे आपली लॅब. पण काय आहे ते एकदा लिहून आणा डॉक्टरांकडून. तोवर दात नकोत. साचे ओता काकांबरोबर." मी सव्वीस वर्षांनी परत मोरीपाशी उभी राहिले.

प्लास्टर कालवताना डोकं मोकळं असतं, हा त्या कामाचा दोष. पाण्यात पांढरी भुकटी टाकायची, ढवळायचं, बुडबुडे बसेपर्यंत वाटी आपटत राहायचं. आणि त्या टकटक आवाजात मला बटणं ऐकू यायला लागली. आई घरी बटणं शिवायची. कारखान्यातून खोके यायचे, कोरी पुठ्ठ्याची कार्डं यायची, आणि आई एका कार्डावर बारा बटणं चार-चारच्या तीन रांगांत दोऱ्याने टाचायची, दुकानात टांगतात ना, तशी. दुसऱ्या मजल्यावरची आमची दोन खोल्यांची जागा. खिडकीखाली टेबल, टेबलावर तीन बशा, एकीत पांढरी, एकीत काळी, एकीत त्या आठवड्याचा जो काय रंग असेल तो. हिरव्या आठवड्यांत मी खूश असायची. शिंपल्याच्या बटणांच्या आठवड्यात सगळं घर पाण्याच्या तळाशी असल्यासारखं चमकायचं. दुपारचं ऊन त्या बशीत पडायचं आणि छतावर मासोळ्यांसारखे ठिपके हलायचे. ताई आणि मी जमिनीवर पालथ्या पडून ते बघायचो. आईला तेव्हा गाणं गुणगुणायची सवय होती. शब्द नसायचे, नुसता आवाज, सुई वर आली की वर आणि खाली गेली की खाली. ही दुपारची आई. सकाळची निराळी होती. सकाळी आठला ती आमच्याबरोबर साखर घातलेला चहा प्यायची, दोन मोठे कप, त्यात पाव बुडवून. आणि अकराच्या सुमाराला कुणीतरी तिला आतून बदलून ठेवायचं. सुई सापडायची नाही. सापडली तर ओवायची नाही. "ओवून दे," ती म्हणायची, आणि दोरा ओवून दिला की "एवढा वेळ?" म्हणायची. खुर्ची सरकवल्याचा आवाज तिला चालायचा नाही, हसलेलं चालायचं नाही, गप्प बसलेलं तर मुळीच नाही. तिच्या वरच्या ओठावर घामाचे मणी असायचे. ते मी इतक्या जवळून पाहिलेत की आजही मोजता येतील. पण मुलं घाम बघतात आणि त्याचा अर्थ राग असा लावतात. आम्हाला आईचे अकरा फक्त रविवारी आणि सुट्टीत भेटायचे, बाकीचे दिवस आम्ही शाळेत. त्यामुळे ताईने फार लहानपणीच एक सिद्धान्त मांडला होता आणि मी तो मोठ्या बहिणीने सांगितलंय म्हणून जसाच्या तसा मानला होता: आपण घरी असलो की आई चिडते.

बाबांचा सिद्धान्त विनोदी होता. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक गिरणी होती, तिचा भोंगा पाळी बदलताना वाजायचा. "अकराचा भोंगा झाला का?" बाबा रविवारी दाढी करता करता विचारायचे, आणि आतून भांडं आदळलं की आरशातच आम्हाला डोळा घालायचे. बाबा वाईट नव्हते. घरात एकाला हसायचं असेल तर ते सगळ्यात जवळच्या माणसाला हसतात, एवढंच. मी बारा वर्षांची असताना आत्या राहायला आली होती, आणि जेवणं झाल्यावर, दुपारच्या प्रसन्न वेळी, मी भोंग्याची नक्कल केली. आईची खुर्ची, आईची सुई, "ओवून दे, एवढा वेळ?", थरथरणारा हात, सगळं. मला नक्कल फार छान जमायची. बघून शिकणं हा माझा एकच गुण. आत्या डोळे पुसेपर्यंत हसली. बाबा हसले. ताई हसली नाही, ती भिंतीकडे बघत राहिली, पण ताई तशीही हसत नसे. आणि आईही हसली. "अगदी तश्शी करते गं," ती आत्याला म्हणाली, पदराने टेबल पुसलं, आणि बशीतली बटणं उगाचच दुसऱ्या बशीत ओतली. हे मला आता आठवतं, तेव्हा दिसलं होतं फक्त. हाताची थरथर मी त्या नकलेत कशी आणली होती, म्हणजे ती मला माहीत होती, म्हणजे आम्हाला सगळ्यांना माहीत होती. आम्ही तिला स्वभाव म्हणायचो.

पाचवे डॉक्टर म्हणजे एक शांत, जरा पोक आलेले गृहस्थ. त्यांनी माझं वय विचारलं आणि पुढे काही म्हणाले नाहीत, तेव्हाच मला ते आवडले. त्यांनी सांगितलं, तीन आठवडे लिहून ठेवा. काय खाल्लं, कधी खाल्लं, काय झालं, कधी झालं. मी लिहिलं. आमच्या लॅबमध्ये कामाच्या चिठ्ठ्या असतात, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर, जिथे असेन तिथे, मेणाच्या हातांनी, पेन्सिलीने. "१०.५२ कान गार." "हात. हात. हात." "११.०७ घोटभर पाणी, उपयोग नाही." "रडू येतंय, काकांचा सदरा बघून." पण लॅबची एक पद्धत आहे. मेण लागलेली कच्ची चिठ्ठी आम्ही बाहेर जाऊ देत नाही. संध्याकाळी तिची पक्की चिठ्ठी करायची, स्वच्छ अक्षरात, आणि कच्ची भट्टीत टाकायची. दाताच्या डॉक्टरकडे जाते ती पक्की. सव्वीस वर्षांची सवय. तिसऱ्या रविवारी मी टेबलाशी बसले आणि तीन आठवड्यांचं आजारपण एका वहीत पक्कं केलं. रेघा आखल्या. वेळा जवळच्या पाव तासाला नेऊन बसवल्या, दात ओळीत बसवतात तशा. "हात हात हात"च्या ऐवजी "हातास कंप" लिहिलं. 'ओरडले', 'परत ओरडले', 'उगाच ओरडले' या ओळी गाळल्याच. परक्या माणसाला काय सांगायचं ते? आणि सोमवारी कच्च्या चिठ्ठ्या भट्टीत टाकल्या. डॉक्टरांनी वही उघडली, दोन पानं उलटली, परत पहिलं पान बघितलं. "हे तुम्ही एका बैठकीत लिहिलंत," ते म्हणाले. "हो, पक्कं केलं." "तुम्हाला रोज अकरालाच होतं? बरोबर अकराला?" मी म्हटलं, सुमाराला. "इतकं नेटकं आजारपण मी पाहिलेलं नाही," ते सावकाश म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ती एक काळजी आली, जी मी आधीच्या चौघांकडे पाहिली होती: ही बाई खरं सांगतेय की बसवून सांगतेय? पुढचं मला दिसत होतं. मन शांत ठेवा, चालायला जा. मी त्यांना कच्ची-पक्की सगळी पद्धत सांगितली. कवळीच्या डॉक्टरला घाण चिठ्ठी देत नाहीत हो. ते हसले, खूप वेळ, आवाज न करता. "मला द्या," ते म्हणाले. "परत तीन आठवडे. आणि या वेळी घाण आणा."

मग ते घाण लिहिणं. मी गाळलेल्या ओळींपासून सुरुवात केली. "काकांवर ओरडले, कारण त्यांनी वाटी आपटली." "नवऱ्यावर ओरडले, कारण तो घरात होता." हे लिहून मी पेन्सिल खाली ठेवली. कारण तो घरात होता. काकांनी एकदा चिठ्ठीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "आमचं नाव आठ वेळा आलंय. प्रसिद्ध व्हायचो आम्ही." "काका, माझा राग येत नाही तुम्हाला?" "येतो की. पण अकरा वाजता तुमचं तोंड निराळं होतं, बाई. ते बघितलं की वाटतं, ही आत्ता घरी नाही. जी घरी नाही तिच्यावर काय रागवायचं?" किती सहज म्हणाले. चाळीस वर्षांपूर्वी असा एक माणूस आमच्या घरात साचे ओतायला असता तर! डॉक्टरांनी मेण लागलेल्या चिठ्ठ्या एकेक करून टेबलावर मांडल्या, पत्ते लावावेत तशा, आणि एक शक्यता बोलून दाखवली. काहींच्या अंगात गोड, पिठूळ खाल्लं की साखर चढते आणि मग गरजेपेक्षा जास्त उतरते. लगेच तासाभरात नव्हे, दोन-तीन-चार तासांनी. "असेलच असं नाही," ते म्हणाले. "लोक सांगतात पुष्कळ, तपासणीत साखर खरंच खाली निघते थोड्यांचीच. पण बघू. सकाळी इथे यायचं, आम्ही देऊ ते प्यायचं, आणि दर अर्ध्या तासाने रक्त. त्रास होत असताना आकडा पंचावन्नच्या खाली सापडला, आणि खाल्ल्यावर त्रास गेला, तर मी छातीठोक लिहून देतो. घरात कुणाला असं होतं?" मी म्हटलं, आई होती. म्हणजे आईचा स्वभाव होता.

घरी परत येताना मी एक स्टॉप आधीच उतरले आणि चालत राहिले. मला लिहून मिळालं तर मी परत दातांच्या टेबलाशी बसणार होते, हे झालं साधं. पण त्यामागे दुसरं होतं आणि ते चालताना पायात येत होतं. आकडा खाली सापडला, तर आई सुटत होती. तिचा स्वभाव नव्हताच, तिची साखर उतरत होती, रोज, बटणांवर, सुट्टीत आमच्यासमोर, आणि ती आपली दोन मोठे कप गोड चहा पिऊन दुसऱ्या दिवशीच्या अकराची तयारी करत होती. आई सुटली, तर आम्ही अडकत होतो: बाबा, ताई, आणि नक्कल करणारी मी. आणि आकडा नाही सापडला तर आई होती तशीच, चिडकी, आणि तिच्यामागोमाग मी. यातलं मला काय हवं होतं? खरं सांगायचं तर काचेच्या दुकानासमोर उभी राहून मी स्वतःला विचारलं आणि काचेत एक बाई ओठावरचा घाम पुसताना दिसली. संध्याकाळी ताईला फोन केला. ताई एकोणीस वर्षांची असताना घर सोडून दुसऱ्या गावी टेलिफोनच्या नोकरीला गेली ती आईला फार तर वर्षातून दोनदा भेटायला यायची, पाहुण्यासारखी, चप्पल दारातच नीट लावून. एका सकाळी आईने बटणांचं आख्खं खोकं तिच्या अंगावर फेकलं होतं, मला वाटतं उशीचा अभ्रा बदलण्यावरून, आणि त्यानंतर आठवड्याभरात ताई गेली. चौदा वर्षांची मी पुढे कित्येक दिवस कपाटाखालून बटणं काढत होते. आता ताई निवृत्त होऊन याच शहरात आली आहे, आणि आई जाऊन नऊ वर्षं झाली. तपासणीला सोबत कुणीतरी लागतं, म्हणून मी तिला सगळं सांगितलं, आईसकट. ती म्हणाली, "तुला बरं नाही, तर मी येते. आईला मध्ये आणू नकोस. मेलेल्या माणसाची साखर बघायची राहिली होती का आता?"

दवाखान्यातली ती खोली लांबट होती, एकाच खिडकीची, भिंतीला पिस्त्याच्या रंगाचा तेलरंग. नर्सने हाताला सुई लावून ठेवली, म्हणजे दर वेळी टोचायला नको, आणि एक डबा हातात दिला. आत दाट, गोडसर, कशाचीच चव नसलेलं दूध होतं. "गटकन प्या. आठ वाजले बघा," ती म्हणाली. "आणि त्रास झाला तर सांगायचं, पण मी रक्त काढेपर्यंत तोंडात काही टाकायचं नाही. आधी रक्त, मग खाऊ." साडेआठ, नऊ, साडेनऊ. ताई शेजारच्या खुर्चीत मासिक वाचत होती. आम्ही इतका वेळ एका खोलीत गेल्या कित्येक वर्षांत बसलो नव्हतो, आणि दोघींनाही त्याची लाज वाटत असावी, कारण आम्ही फार सभ्यपणे बोलत होतो. पडद्याचा रंग. तिच्या गुडघ्याचं. मग बोलणं कसं कोण जाणे शिंपल्याच्या बटणांवर गेलं. "छतावर ठिपके यायचे," मी म्हटलं. "तू त्यांना मासे म्हणायचीस," ती म्हणाली. "तू म्हणायचीस. मी तुझं ऐकून म्हणायची." "मी? शक्य नाही. मला मासे आवडत नाहीत." मग ती हसली, आणि मला एकदम ती सतरा वर्षांची दिसली, पालथी पडलेली, हनुवटी हातात, केसांत सूत अडकलेलं, मागे आईचा तो शब्द नसलेला आवाज, वर आणि खाली. एवढं सुख होतं आपल्याकडे, मला वाटलं, रोज दुपारी, फुकट. कुणी सांगितलं का नाही? दहा वाजता नर्स येऊन गेली. साडेदहाला येऊन गेली. काहीच होत नव्हतं. माझा हात दगडासारखा स्थिर होता आणि मला घाबरायला व्हायला लागलं. आज नाही झालं तर? सगळ्यांसमोर आज नेमकं नाहीच झालं तर?

अकराला रक्त काढून नर्स बाहेर गेली, आणि तिच्यामागे दार लागलं तो आवाज मला उशिरा ऐकू आला. कानाच्या पाळ्या. मी हातांकडे बघितलं. पिस्त्याच्या रंगाची भिंत एक पाऊल मागे सरकली. ताईने पान उलटलं. किती मोठा आवाज होता तो, कुणीतरी चादर फाडावी तसा, आणि तिने आणखी एक उलटलं, बोट ओलं करून, मुद्दाम, सावकाश, आणि मला कळलं की ही बाई आयुष्यभर अशीच पानं उलटत आली आहे, मला छळायला. "तुला दुसरं काही काम नाही का?" मी म्हटलं. "काय?" "ठेव ते खाली! बसलीये राणीसारखी! बघतेस काय?" ताई बघत होती. तिने मासिक खाली ठेवलं नाही, ते तिच्या मांडीवरून घसरून पडलं. ती माझ्या ओठाकडे बघत होती. मग ती उठली आणि दारातून ओरडली, ताई, जी कधी आवाज चढवत नाही: "नर्स! आत्ता या! आत्ता, आत्ता काढा हिचं!" नर्स धावत आली, नळी भरली, वेळ लिहिली, अकरा-अठरा, आणि पिशवीतून पाव आणि उकडलेलं अंडं काढून माझ्यासमोर ठेवलं. मी खाल्लं. कसं खाल्लं ते मला माहीत नाही. अशा वेळी आपण आपल्याला दिसत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी आवाज परत जागेवर आले तेव्हा ताई खिडकीपाशी पाठ करून उभी होती. मी म्हटलं, "ताई, मघाशी मी..." "गप्प बस," ती म्हणाली, पण वळली नाही.

दुपारी डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. त्यांनी एका आकड्याभोवती पेन्सिलीने गोल केला होता. "सत्तावन्न," ते म्हणाले. आम्ही दोघी त्या आकड्याकडे बघत राहिलो. "पंचावन्नच्या खाली असता तर प्रश्न नव्हता. दोन आकड्यांनी वर आहे. आहे असं म्हणता येत नाही. नाही असंही मी म्हणणार नाही. तुमची अवस्था नर्सने लिहिलीये, आणि खाल्ल्यावर उतरलं तेही. गोड चहा बंद करा. थोडं थोडं खा, दोन-अडीच तासांनी, त्यात अंडं, डाळ, दाणे काहीतरी असू दे. दोन महिन्यांनी परत बघू. लॅबला मी लिहून देतो की खाण्याच्या वेळा पाळल्यात तर हाताला धोका नाही." माझं काम झालं होतं. मी आभार मानायला तोंड उघडलं आणि त्यातून आलं ते भलतंच: "म्हणजे आईला काय होतं?" डॉक्टर जरा मागे टेकले. "तुमच्या आईला मी तपासलेलं नाही," ते हळू म्हणाले. "मी काय सांगू?" सत्तावन्न. पक्कं होत नव्हतं. मी कागद घडी करायला घेतला. "मी पाहिलंय," ताई म्हणाली. डॉक्टरांनी आणि मी एकदमच तिच्याकडे बघितलं. ती पर्स छातीशी धरून, पाठ ताठ करून बसली होती, टेलिफोनच्या नोकरीत बसायची तशी. "लिहून घेणार असाल तर सांगते. उपयोग असो नसो." डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं.

"मी घर सोडलं त्या दिवशी," ती म्हणाली, "आई मला पोचवायला स्टँडवर आली होती. मी येऊ नको म्हटलं होतं. आली. रस्ताभर बोलली नाही. मी गाडीत बसले, खिडकीपाशी. गाडी सुटेना, ड्रायव्हर कुठे गेला होता कुणास ठाऊक. आईच्या हातात कागदात बांधलेला पाव होता, लोणी लावलेला, माझ्यासाठी, वाटेत खायला. सकाळी बांधताना मी बघितलं होतं. मी म्हटलं, आता देईल. ती बाकावर बसली. तिने कागद सोडला आणि खायला लागली. माझ्यासमोर. मी खिडकीतून बघतेय हे तिला दिसत होतं, तरी खात होती, घास गिळायच्या आत दुसरा. सगळा खाल्ला. मग वर बघितलं, आणि हात हलवला, तोवर गाडी हलली होती." मला यातलं काहीच माहीत नव्हतं. अडतीस वर्षांत तिने कुणालाच हे सांगितलं नव्हतं. आई त्या दिवशी एकटीच घरी परत आली होती आणि न बोलता कार्डं घेऊन बसली होती, एवढंच मला आठवत होतं. डॉक्टरांनी विचारलं, किती वाजले असतील? "अकरा-पंचवीस," ताई म्हणाली, तिला आठवावं लागलं नाही. "आणि दोन्ही हातांनी धरला होता तिने तो पाव. अगदी लहान मूल धरतं तसा, घट्ट, तोंडाशी." तिने स्वतःचे हात वर करून दाखवले. ते तसेच वर राहिले. "तेव्हा मला वाटलं, काय ही बाईची हाव."

डॉक्टर लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही, ते बरं केलं.